थोरलीच्या गालातला पोचा

भादवा आला की मी चिंच भिजत घालते आणि मला राग येतो. दोन्ही एकाच दिवशी. चिंच दरवर्षी नवी असते, राग मात्र तोच.

अमरावतीत माझी खानावळ आहे. क्लासेससाठी खेड्यापाड्यांतून आलेले पोट्टे-पोट्ट्या दोन वेळा माझ्याकडे जेवतात. त्यांना वाटतं, मावशीनं चिंच वरणासाठी भिजवली. माझ्याकडे घासायला आता काही उरलेलं नाही, हे मी सांगत बसत नाही. चिंच कोळताना बोटांना तो बुळबुळीत गर लागतो, आंबट वास वर येतो, आणि माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी गळायला लागतं. उजवा कोरडा ठाक. एकदा डॉक्टरला दाखवलं, तर तो म्हणाला अ‍ॅलर्जी असेल. असेल बापा, म्हटलं. लहानपणी खाल्लेल्या थापडीला डॉक्टरलोक दुसरं काय म्हणणार?

बाहेर भादव्याचं दमट ऊन पडलंय. बाजारात केवडा आला, कमळं आली, पडवळं टांगली गेली. फुटपाथवर प्लास्टरचे रंगवलेले मुखवटे मांडून ठेवलेत, लाल ओठ, लांब पापण्या, गालावर गुलाबी. त्यांच्याकडे मी बघत नाही. सकाळपासून फोन वाजून राहिला आहे. अकोल्याहून माझा मोठा भाऊ, दादा. त्याच्याकडेही बघत नाही. वाजू दे.

गौरींना आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी, तीन दिवसांसाठी माहेरी येतात. पत्र्याच्या पोकळ कोठीला साडी नेसवायची, वर मुखवटा बसवायचा, आणि मग ती कोठी राहत नाही, घरची लेक होते. भातकुलीला, माझ्या माहेरी, आमच्या घरचे मुखवटे पितळेचे होते. आतून पोकळ, तरी जड, दोन हातांनी उचलावे लागायचे. किती जुने ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मायला विचारलं तर म्हणायची, "माह्या सासूच्या सासूले बी ते जुनेच मिळाले." दरसाल चिंच आणि चुलीतली राख लावून बायकांनी ते इतके घासले होते, की धाकटीचं नाक बसकं झालं होतं. ओठ तर जवळजवळ पुसलेच गेले होते. तरी ती हसते हे आम्हाला दिसायचं.

घासण्याचं काम पोरींचं. मागच्या अंगणात, मोरीच्या दगडावर, पाय पसरून बसायचं आणि मुखवटा मांडीत घ्यायचा. मला ते काम फार आवडायचं. वर्षभर पेटीत राहून पितळ मळकट, तपकिरी झालेलं असायचं. चिंच लागली की आधी हिरवट पाणी सुटे, मग एकदम कपाळावर पिवळा जर्द पट्टा उमटे. पुढे गाल, पुढे हनुवटी. बाजूच्या वाफ्यात अंबाडी वाढलेली असायची, गोठ्यात बैल शेपट्या हलवायचे, आत माय पुरणाची डाळ चढवायची. माझ्या मांडीत एक बाई हळूहळू उजळत जायची. देवावर माझा विश्वास तिथे बसला, पोथीबिथीनं नाही.

मी नऊ वर्षांची असताना दादानं माझ्या मांडीतून थोरली ओढून घेतली. तो मुखवटा उलटा करून टोपीसारखा डोक्यावर घातला आणि "म्या राजा, म्या राजा" करत अंगणभर नाचला. मी मागे धावले. पायरीपाशी तो घसरला आणि थोरली गालावर आपटली. ठण्ण असा आवाज आला. तो आवाज मला आजही काढून दाखवता येईल. गालात सुपारी बसेल एवढा पोचा पडला होता. माय बाहेर आली तेव्हा दादा भिंतीला टेकून उभा होता, हात मागे. म्हणाला, "मंदीनं पाडली."

मायनं काही विचारलं नाही. तिचे हातही चिंचेतच होते. ती थापड डाव्या गालावर बसली आणि चिंचेचं पाणी डोळ्यात गेलं. वर शिक्षा म्हणून त्या साली लक्ष्म्यांना हात लावायचा नाही. आत सारा गाव जेवत होता, ताट-चमचे वाजत होते, पुरणपोळीच्या तुपाचा वास गोठ्यापर्यंत येत होता, आणि मी गोठ्यात बसून एक डोळा चोळत होते. दादानं मला खिडकीतून करंजी दाखवून खाल्ली. सगळं विसरले असते मी. ती करंजी नाही विसरले.

लोक म्हणतात, लहानपणच्या गोष्टी सोडून द्याव्यात. सोडून दिल्या असत्या, पण दादानं त्या गोष्टीला पुढे पाय फुटवले.

दादा वकील झाला. अकोल्याला बंगला बांधला. भातकुलीचा गजू कोर्टाच्या पायऱ्यांवर गजाननराव झाला आणि 'मले-तुले' तिथेच सोडून 'मला-तुला' बोलायला लागला. मग कुठल्याशा श्रीमंत अशिलाच्या घरी त्यानं जुन्या वस्तूंचं दालन पाहिलं आणि त्याला तो नाद लागला. रविवारी गाडी काढायची आणि खेडी पालथी घालायची. बायांना नवी स्टीलची बादली द्यायची, त्यांचं जुनं घंगाळ उचलायचं. नवा डबा द्यायचा, जुना पानपुडा घ्यायचा. बाया खूश, की वकीलसाहेबांनी पोचे पडलेल्या भांड्याच्या बदल्यात चकाचक भांडं दिलं. घरी आणून ते भांडं काचेच्या कपाटात जायचं, खाली टाइप केलेली चिठ्ठी लागायची आणि आतून पिवळा दिवा पडायचा.

त्या बंगल्यात एक खोली मायसाठी म्हणून बांधली होती. वास्तुशांतीला दादानंच सगळ्यांना दाखवली होती, "ही आईची." त्या खोलीत माय एक रात्रही झोपली नाही. आधी तिथे अडकित्ते आले, मग कुलपं, मग दौती, सुरया, ग्रामोफोनचा कर्णा. माय भातकुलीला एकटी राहिली. विचारलं तर दादा म्हणायचा, "आईला तिकडचीच हवा मानवते गं."

एकदा मी त्या खोलीत एका तस्तावरून, हात धुवायच्या जुन्या भांड्यावरून, बोट फिरवलं तर तो केवढ्यानं ओरडला.

"हात नको लावूस! त्यावर पॅटिना आहे."

"काय आहे?"

"काळानं चढवलेला रंग, मंदा. तीच तर किंमत असते वस्तूची. तो घासला की वस्तू मेली."

"आमी त्याले मळ म्हनतो," मी म्हटलं.

वहिनी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. बिचारी रोज कोरड्या फडक्यानं ती कपाटं पुसायची, ओल्या फडक्याची तिला बंदी होती. तिच्या स्वयंपाकघरातलं एक पातेलं काळं राहत नाही आणि घरातली एक अख्खी खोली काळी ठेवायची, म्हणजे काय जाच असेल ते बाईलाच कळेल. आमची गट्टी त्या दिवसापासूनची.

पितृपक्ष संपला, दसरा गेला, आणि एका रविवारी दादा भातकुलीला उतरला. मायला म्हणाला, "मुखवटे झिजलेत आई, दुरुस्त करून आणतो." मायनं भाबडेपणानं पेटी उघडून दिली. नंतरच्या भादव्यात त्यानं खोकं आणून दिलं. आत फुटपाथवरचे असतात तसले दोन मुखवटे, लाल ओठांचे. "हे घे, नवेच आणले. ते आता वापरायचे नाहीत, फार जुने आहेत, जपून ठेवलेत." गावातल्या बायांना बादल्या दिल्या, तसेच आईला मुखवटे दिले. त्याच हातानं.

त्या वर्षी वहिनी आणि मी नेहमीसारख्या भातकुलीला गेलो, साड्या नेसवल्या, सोळा भाज्या केल्या, आंबील केली, पडवळाची कढी केली, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगला. सगळं यथासांग. माय समोर पाटावर बसली आणि एकटक बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या कोनाच्या पोरी होत वं? आपल्या नाई." त्या दिवशी ती जेवली नाही. पुढचा भादवाही असाच गेला. मायचं बोलणं कमी झालं. एकदा मी गेले तर ती मागच्या अंगणात मोरीच्या दगडावर रिकाम्या हातांनी बसली होती. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला दादाचं वाईट करायचं आहे. अगदी शांतपणे वाटलं.

आणि आमच्या लक्ष्म्या? त्या काचेत. खालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की गावावर पेंढारी चालून आले, तेव्हा घराण्यातल्या स्त्रियांनी हे मुखवटे काळ्या मातीत पुरले, आणि थोरलीच्या गालावरचा आघात पेंढाऱ्याच्या भाल्याचा आहे. मी ती चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली. भाल्याचा! मला हसू आलं, मग माझा डावा डोळा गळायला लागला. बाजूला दादा कुणा पाहुण्याला तेच रंगवून सांगत होता, कोर्टात सांगतात त्या आवाजात. पाहुणा पोच्यावर बोट धरून "अरेरे" करत होता. माझी थापड पेंढारी घेऊन गेले.

ही हकिगत त्यापुढच्या भादव्याची आहे. तोच माझा भादवा. बाकीचे नुसते येतात नि जातात.

आवाहनाच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. आवाज दबलेला. "ताई, तुमी येता का? हे लक्ष्म्या देऊन राहिले."

"कोनाले?"

"पुन्याच्या एका साहेबाईले. त्याईच्याजवळ विलायती घड्याळ आहे, तासाला चिमणी बाहेर येते म्हनतात. घड्याळ देतात अन् लक्ष्म्या नेतात. उद्या दुपारी येऊन राहिले."

"उद्या आवाहन आहे," मी म्हटलं.

"तेच तर. अन् ताई, अजून एक सांगू का? ह्यांनी दोन पावसाळे लक्ष्म्याईले गच्चीवर कुंडीत पुरून ठेवलं होतं. काळ्या मातीत. जुन्या दिसाव्या म्हनून. म्या रोज त्या कुंडीले पानी घातलं, मले काय मालूम!"

वहिनी रडत होती. मी नाही रडले. मी खानावळीत पाटी लावली, 'तीन दिवस बंद', आणि गॅसवरचं वरण उतरवून ठेवलं.

सकाळी गाडी करून भातकुली गाठली. मायला एवढंच सांगितलं, "लक्ष्म्या आनाले जाऊन राहिलो." तिनं कुठे, कशा, काही विचारलं नाही. आत गेली, धुवट लुगडं नेसली आणि कोपऱ्यातली चिंचेची बरणी काखेत मारून बाहेर आली. चुलीतली राख तिनं पुरचुंडीत बांधली. परत येईस्तोवर आवाहनाची वेळ टळेल म्हणून कोठ्या टपावर चढवल्या, साड्यांची पेटी मागे टाकली, भाज्यांचं पोतं पायाशी. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, कपाशी कमरेला आली होती, उन्हात काळ्या मातीची वाफ निघत होती. कोठ्या वरती खडखडत होत्या. माय पुढच्या सीटवर ताठ बसली होती. असा आनंद मला लग्नाला जातानाही झाला नव्हता. खोटं कशाला सांगू, तो देवीच्या भेटीचा आनंद नव्हता. दादाचं तोंड बघण्याचा होता.

आम्ही पोचलो तेव्हा पुण्याचे गृहस्थ हॉलमध्ये चहा घेत होते. सभ्य माणूस, मऊ बोलणारा, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. टेबलावर पेंढ्याच्या खोक्यात घड्याळ होतं. दादा आम्हाला पाहून उठलाच.

"आई! मंदा! अगं, सांगायचं तरी. आज जरा काम आहे माझं."

"कर ना तुह्यं काम," मी म्हटलं. "आमी आमचं करतो."

वहिनीनं कपाटाची किल्ली कधी दिली, कोणी पाहिलं नाही. मी थोरली काढली, वहिनीनं धाकटी. बाहेर अंगणात बागेच्या नळापाशी फतकल मारून बसलो. मायला खुर्ची दिली, तिनं ती बाजूला सारली आणि पायरीवर टेकली. थोरली तीन वर्षांनी माझ्या मांडीत आली. काळी ठिक्कर पडली होती, कानामागे कुंडीतली माती वाळून बसली होती, नथीच्या भोकात एक मुळी अडकली होती. ती मुळी ओढून काढताना माझ्या तोंडून काय काय शिव्या गेल्या ते लिहीत नाही. मग चिंचेचा गोळा कपाळावर ठेवला आणि जोर लावला.

आतून दोघेही धावत आले.

"अहो बाई, थांबा थांबा!" गृहस्थ अक्षरशः हात जोडत म्हणाले. "काय करताय हे! दीडशे-दोनशे वर्षांचा पॅटिना आहे त्यावर!"

"दोन पावसाळ्यांचा आहे साहेब," मी म्हटलं, हात न थांबवता. "वर गच्चीवर कुंडी आहे, तिच्यातला. पाहून या."

ते दादाकडे बघायला लागले. दादा वहिनीकडे. वहिनी धाकटीचं नाक घासत होती, खाली मान घालून, आणि असं घासत होती की त्या खोलीतल्या सगळ्या कपाटांचं उट्टं निघत होतं.

"हे बघा सर, बायकांना यातलं कळत नाही," दादा म्हणाला. "कुंडीचं जाऊ द्या. तो गालावरचा वार तर बघा, तो काही कोणी करू शकतो का? पेंढाऱ्यांचा..."

"पेंढारी तू होतास," मी म्हटलं.

मग उभी राहिले. ओल्या हातांनी, चिंच कोपरापर्यंत गळतेय, थोरली कडेवर. त्या गृहस्थांना सगळं सांगितलं. डोक्यावर टोपीसारखा घातलेला मुखवटा, "म्या राजा", पायरी, ठण्ण, "मंदीनं पाडली", थापड, गोठा. करंजीसुद्धा सांगितली. एवढी वर्षं मनात घोळवून घोळवून ते बोलणं इतकं गुळगुळीत झालं होतं की कुठे अडखळले नाही. शेजारच्या बाया कुंपणाशी जमल्या होत्या. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.  मला आयुष्यात असं गोड काही लागलेलं नाही.

"खोटं बोलतेय ही," एवढंच शेवटी तो म्हणाला. "आई, सांग ना तू. आई समोर होती."

मी मायकडे वळले. आता ती चकित होईल, कपाळावर हात मारेल, म्हणेल पोरी, मले मालूमच नव्हतं. या वाक्याची मी वाट पाहत होते, बहुतेक दादाच्या तोंडापेक्षाही जास्त.

माय पदरानं धाकटी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मंदा खरं सांगून रायली. मले तवाच मालूम होतं. गजूच्या केसातून चिचीचं पानी गळून रायलं होतं."

मी कडेवरची थोरली सावरली.

"मंग मले काहून मारलं?" मी विचारलं.

"सनाच्या दिवशी वंशाच्या दिव्याले मारू का?" माय म्हणाली, अगदी साधेपणानं, कढीत मीठ किती ते सांगावं तशी. "अन् तू मार खाऊन बी जेवली असती. त्यानं ताट सोडलं असतं."

बस. एवढंच होतं ते. मी कुंपणाकडे पाहिलं, बाया मान हलवत होत्या, त्यांना ते बरोबर वाटत होतं. गृहस्थ चष्मा पुसत होते. माझ्या कडेवर थोरली, अर्धी उजळलेली, अर्धी काळी. मी खाली बसले आणि उरलेला अर्धा चेहरा घासून काढला. पोच्यात गाळ अडकतो, तो फडकं अंगठ्याच्या नखावर गुंडाळून गोल फिरवून काढावा लागतो. ती युक्ती माझी मला सापडलेली होती. पोचा पडल्याच्या पुढच्या वर्षी, हात लावायची परवानगी परत मिळाली तेव्हा.

गृहस्थांनी घड्याळाचं खोकं बंद केलं. जाताना लक्ष्म्यांना वाकून नमस्कार केला आणि दादाला म्हणाले, "या वस्तू संग्रहातल्या नाहीत हो, गजाननराव." गाडी निघून गेली. आतली चिमणी काही आम्हाला दिसली नाही.

कोठ्यांना जागा हवी होती. हॉलमध्ये सोफे. मी मायच्या खोलीचं दार उघडलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. कपाटं गच्चीवर गेली, कुंडीच्या शेजारी. दादा "अरे सावकाश, अरे ती काच" करत जिन्यात वर-खाली धावत होता. तिन्हीसांजेला आम्ही उंबऱ्यापासून खोलीपर्यंत कुंकवाची पावलं काढली, पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर. वहिनीनं थोरली घेतली, मी धाकटी, शेजारच्या बायांनी ताटं वाजवली आणि दोघी बहिणी आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुरण शिजलं, आंबील झाली, गल्ली जेवली. दादाच्या नक्षीच्या टेबलावर तेलाचे डाग पडले. वर टांगलेल्या फुलोऱ्यातली एक करंजी मी तोडली, दादाच्या समोर उभी राहिले आणि सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. त्यानं मान फिरवली. त्यालाही आठवत होतं म्हणजे.

तिसऱ्या दिवशी निरोपाची अक्षत टाकून झाली. मायनं पेटी पुढे ओढली. "चाल मंदे, ठेव दोघीईले आत. आपल्या घरी नेऊ."

"न्या, न्या," दादाही म्हणाला. "एकदाच्या घेऊन जा बाई त्या."

दोघांनाही तेच हवं होतं. मलाही तीन दिवसांपूर्वी तेच हवं होतं. त्यासाठीच तर आले होते. आमच्या कुळात एक रीत आहे, आणि ती मला मायनंच शिकवली. लक्ष्म्यांनी काही कारणानं घर बदललं, तर ज्या नव्या घरात त्या बसल्या, तिथेच पुढे दरसाल बसवायच्या. हलवायच्या नाहीत, चुकवायच्या नाहीत. मोडली तर मोडता येते, नाही असं नाही. माय ठासून बोलली असती तर कोणी हरकत घेतली नसती.

"नाई," मी म्हटलं. "बसवल्या की बसवल्या. तुनंच शिकवलं."

माय माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं. तिला नेहमीच सगळं कळतं.

"एका थापडीसाठी?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

मुखवटे दादाच्या घरी राहिले. परतताना मायच्या मांडीवर रिकामी पेटी होती आणि टपावर खडखड नव्हती.  मूर्तिजापूरला चहा घेतला, तिनं बशीत ओतून दिला, मी प्याले. मला वाटलं होतं की जरा तरी टोचेल. नाही टोचलं. आजही नाही टोचत. भादव्यात लोक पितरांची आठवण काढतात, मी ही आठवण काढते.

पुढचा भादवा यायच्या आतच माय अकोल्याला राहायला गेली. लक्ष्म्या जिथे, तिथे ती. आता त्या खोलीत तिची खाट आहे, कपाटं गच्चीवर ताडपत्रीखाली आहेत, आणि दादाच्या संग्रहावर खराखुरा काळाचा रंग चढतो आहे. भाल्याची चिठ्ठी वहिनीनं चुलीत, म्हणजे गॅसवर, जाळली. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला माय स्वतः थोरलीचा गाल दाखवते आणि सांगते, "हा आमच्या गजूनं पाडला." एवढंच सांगते. थापडीचं सांगत नाही. अर्धी माफी अशीच असते बहुतेक, आणि अर्धी मी घेत नाही.

फोन पुन्हा वाजला. या वेळी उचलला, कारण हात चिंचेतून काढलेच होते.

"मंदा," दादा म्हणाला. थकलेला आवाज. "तुझ्या वहिनीचा हात मुरगळलाय, यंदा घासायला मीच बसलोय. ते पोच्यात गाळ अडकतो ना, तो निघतच नाही गं. बाकी सगळी लख्ख झाली. तू कसा काढायचीस?"

मी अंगठ्याकडे पाहिलं. नखात चिंचेचा गर होता.

"पेंढाऱ्याईले विचार," मी म्हटलं.

फोन स्पीकरवर असावा. मागे खाटेवरून माय फसकन हसली. कितीतरी वर्षांनी ऐकलं ते हसू. मग म्हणाली, "मंदे, सांग ना वं. तुलेच येते ते."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी फोन ठेवला. यंदा थोरली लख्ख पिवळ्या चेहऱ्यावर गालात तेवढाच काळा ठिपका घेऊन बसेल. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना लांबूनच दिसेल. दिसू दे.